औषध मोफत, सोबतीचे काय?

एखाद्या रोगावर औषध निघाले, कालांतराने ते स्वस्त झाले आणि पुढे सरकारने ते फुकट वाटावयास प्रारंभ केला, म्हणजे त्या रोगाचा प्रश्न सुटला असे मानण्याकडे समाजाचा कल असतो. एचआयव्हीच्या बाबतीत असेच घडले आहे. १९८६ साली मद्रासमध्ये या विषाणूची लागण झालेले भारतातील पहिले रुग्ण आढळले, तेव्हा सर्वत्र भीती पसरली. त्यानंतरची कित्येक वर्षे लागण म्हणजे मृत्यू हेच समीकरण लोकांच्या मनात पक्के होते. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा पुरवठा ३५० डॉलरमध्ये देऊ केला. श्रीमंत देशांत त्याच उपचाराला त्या वेळी वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने निवडक रुग्णालयांतून हे औषध मोफत देण्यास सुरुवात केली. २०१७ पासून निदान होताच, प्रकृती खालावण्याची वाट न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण आले आणि २०२० नंतर डोलुटेग्रॅव्हिर हे अधिक प्रभावी औषध असलेली, दिवसातून एकदा घ्यावयाची गोळी बहुतेकांच्या हाती पडू लागली. वैद्यकशास्त्र, उद्योग आणि शासन या तिघांनीही आपापला वाटा उचलला, हे मान्य केलेच पाहिजे.

यामुळे हा विषय सार्वजनिक चर्चेतून जवळजवळ हद्दपार झाला. १ डिसेंबरला शाळा-महाविद्यालयांच्या प्रभातफेऱ्या निघतात, घोषणा होतात आणि वर्षभर पुन्हा शांतता असते. वास्तविक २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक या विषाणूसह जगत आहेत आणि राज्यवार पाहता त्यांतील सर्वाधिक लोक महाराष्ट्रात आहेत. या प्रत्येकाला रोज एक गोळी घ्यावयाची आहे. महिनाभर किंवा वर्षभर नव्हे, तर आयुष्यभर. औषधाचा कारखान्यापासून रुग्णालयाच्या खिडकीपर्यंतचा प्रवास शासनाने सोपा केला. खिडकीपासून रुग्णाच्या मुखापर्यंतचा रोजचा प्रवास मात्र अजून त्याच्या एकट्याच्या माथी आहे. त्यातून तो मद्याच्या आहारी गेलेला असेल, तर हे शेवटचे अंतर फारच लांब होते. हे अंतर तोडण्यास उपदेशापेक्षा, त्याच वाटेने चाललेल्या माणसाची सोबत अधिक उपयोगी पडते. परंतु ही सोबत म्हणजे एक काम आहे, त्याला वेळ आणि पैसा लागतो, ही गोष्ट आपल्या आरोग्यव्यवस्थेने अद्याप पुरतेपणी मान्य केलेली नाही.

शेवटचे अंतर

परभणी जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. १९९९ साली हिंगोली वेगळा झाल्यानंतर उरलेल्या या नऊ तालुक्यांच्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १८ लाख ३६ हजार. तीतील बहुसंख्य लोक खेड्यांत राहणारे आणि शेती अथवा शेतमजुरीवर जगणारे. एचआयव्हीच्या उपचाराचे मुख्य केंद्र परभणी शहरात, जिल्हा रुग्णालयात. गंगाखेड, जिंतूर वा पाथरी येथून परभणी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, पालमसारख्या टोकाच्या तालुक्यातून त्याहूनही दूर. खेड्यातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, तेथे रांग, तपासणी, समुपदेशन आणि मग परतीची गाडी, यात एक दिवस जातो. औषधाला पैसा पडत नाही हे खरे, पण त्या दिवसाची मजुरी बुडते. अर्थशास्त्रात ज्याला संधीमूल्य म्हणतात, ते हेच. एक पर्याय निवडताना दुसऱ्या पर्यायातील जी प्राप्ती सोडून द्यावी लागते, ती त्या निवडीची खरी किंमत असते. या अर्थाने मोफत औषध हे मोफत नसते, आणि जो जितका गरीब त्याला ते तितके महाग पडते.

शासनाला याची जाणीव नाही असे नाही. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना दोन-तीन महिन्यांचे औषध एकदम देण्याची सोय झाली आहे. एस.टी.च्या प्रवाससवलतींच्या यादीतही एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे. परंतु ही सवलत घ्यावयाची म्हणजे वाहकाला कागद दाखवावा लागतो. आणि ज्या गाडीत आपल्या गावची चार माणसे बसलेली आहेत, त्या गाडीत असा कागद काढून दाखविण्याचे धैर्य कितीजणांच्या अंगी असते? पुष्कळ रुग्ण मुकाट्याने पूर्ण तिकीट काढणेच पसंत करतील. सवलत कागदावर राहते आणि गुपित राखण्याची किंमत रुग्ण स्वतःच्या खिशातून देतो. या रोगाच्या अर्थकारणात लाज हा एक फार मोठा खर्च आहे, आणि कोणत्याही अंदाजपत्रकात तो धरलेला नसतो.

यात भर पडते ती स्थलांतराची. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. यात बीड जिल्ह्याचे नाव मोठे असले तरी परभणी जिल्ह्याच्या गोदाकाठच्या आणि डोंगरपट्ट्यातील तालुक्यांतूनही माणसे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा धरून पैसे कापले जातात. अशा जोडप्यापैकी एकाला वा दोघांनाही रोजची गोळी घ्यावयाची असेल, तर मुक्कामाच्या जवळपासच्या केंद्रातून औषध घेण्याची मुभा नियमांत आहे. पण ते केंद्र कोठे, तेथे कोणाला भेटावयाचे, मुकादमाला काय कारण सांगावयाचे आणि खाड्याची भरपाई कोठून करावयाची, या प्रश्नांची उत्तरे नियमांत नाहीत. शेजारीशेजारी दाटीने उभारलेल्या कोपींत गोळ्यांची डबी लपविण्यासही जागा नसते. हंगाम संपून टोळी परत येईतो चार-पाच महिने गेलेले असतात, आणि मध्ये औषध तुटलेले असले तर त्याची शिक्षा शरीर भोगते.

बाटली आणि गोळी

औषधात खंड पडला म्हणजे काय होते? नियमित औषध घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण इतके घटते की, चाचणीतही ते सापडत नाहीत. अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, ही गोष्ट आता निःसंशय सिद्ध झाली आहे. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या ज्या प्रसिद्ध अभ्यासाने २०११ साली या सिद्धांताला भक्कम आधार दिला, त्यात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग होता. उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसून आले. याच्या उलट, गोळ्या वारंवार चुकल्या तर विषाणू पुन्हा वाढतात आणि काही वेळा औषधाला दाद न देणारे होऊन बसतात. मग पहिली गोळी निकामी ठरते व अधिक गुंतागुंतीच्या उपचाराकडे वळावे लागते. म्हणूनच शंभरांपैकी किमान पंच्याण्णव मात्रा वेळेवर घेतल्या गेल्या पाहिजेत असा दंडक उपचारकेंद्रे पाळत आली आहेत. महिन्याच्या तीस गोळ्यांत याचा अर्थ एखादीच चूक, फार तर.

या हिशेबात दारू कोठे बसते ते पाहिले पाहिजे. नशेत वेळेचे भान राहत नाही, गोळी विसरली जाते, औषध आणावयास जाण्याचे पैसे बाटलीत जातात, हे तर उघड आहे. याहून निराळे आणि कमी लक्षात येणारे एक कारण आहे. दारू आणि गोळी पोटात एकत्र आल्या तर विष होईल, या समजुतीने पुष्कळजण पिण्याच्या दिवशी गोळी मुद्दाम टाळतात. सेथ कॅलिकमन या अमेरिकन संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही समजूत व तिच्यामुळे चुकणाऱ्या मात्रा यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. अशा माणसाची गोळी विस्मरणाने चुकत नाही. आपल्या परीने तो सावधगिरीच बाळगत असतो! आठवडी बाजाराच्या दिवशी दारू, म्हणून त्या दिवशी गोळी नाही. सणाला दारू, म्हणून सणालाही नाही. असे करता करता महिन्याकाठी पाच-सात गोळ्या डबीत उरतात.

वस्तुस्थिती अशी की, सध्याच्या नेहमीच्या गोळीच्या बाबतीत दारू प्यायली म्हणून ती चुकविण्याचे कारण नाही. चुकविण्यातच खरा धोका आहे. याचा अर्थ दारू निरुपद्रवी आहे असा मुळीच नव्हे. यकृताची हानी होते. क्षयरोगावरील आयसोनियाझिडसारख्या औषधाबरोबर तर ती विशेष घातक ठरते, आणि एचआयव्हीबाधितांना क्षयाची भीती अधिक असते. तथापि “दारू सोडा” आणि “गोळी घ्या” हे दोन स्वतंत्र सल्ले आहेत. ते एकमेकांना बांधून टाकले की, पहिला न पाळणारा माणूस दुसराही सोडून देतो. केंद्रावरच्या गर्दीत डॉक्टर वा समुपदेशक थोड्या वेळात “आधी दारू बंद करा” असे बजावतात, तेव्हा त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ऐकणारा त्यातून निराळाच बोध घेतो. पुढच्या खेपेस तो खोटे बोलतो, अथवा येतच नाही. जो सर्वांत अधिक धोक्यात आहे, तोच अशा रीतीने उपचाराबाहेर फेकला जातो.

माळेचे बळ, माळेची मर्यादा

व्यसनातून बाहेर पडण्यासाठी बरोबरीच्या माणसांचा आधार घ्यावा, ही कल्पना परभणीला परकी नाही. जनाबाईंच्या गंगाखेडाचा आणि गोदाकाठचा हा मुलूख. येथे गावोगावी अशी माणसे भेटतात की ज्यांनी एके दिवशी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि दारू सोडली. माळ घालणारा एकटा नसतो. गावातील माळकरी त्याला आपल्यात घेतात. एकादशीला, भजनाला, सप्ताहाला आणि वारीला तो त्यांच्याबरोबर असतो. पूर्वी जी सायंकाळ गुत्त्यावर जाई ती आता देवळात जाते. कोणी पगारी समुपदेशक नाही, फी नाही, दवाखाना नाही. एका सवयीच्या जागी दुसरी सवय आणि एका मंडळीच्या जागी दुसरी मंडळी, असा हा बदल असतो. समदुःखी आणि समशील माणसांच्या सोबतीचे महत्त्व आधुनिक व्यसनमुक्तिशास्त्राने सांगण्यापूर्वीच वारकरी परंपरेने ते ओळखले होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

मात्र माळेला दोन मर्यादा आहेत आणि या विषयात त्या महत्त्वाच्या ठरतात. पहिली अशी की, माळेत मधला मार्ग नाही. माळ गळ्यात असते किंवा नसते. पुन्हा प्याला त्याला माळ काढून ठेवावी लागते आणि तो शरमेने मंडळींतूनही उठतो. व्यसन हा वारंवार उलटणारा आजार असल्याने ही गोष्ट अनेकांच्या बाबतीत घडते. गोळीला हा नियम लावता येत नाही. काल चुकली म्हणून आज सोडावयाची नसते. काल प्याला म्हणून आज अपात्र ठरत नाही. दुसरी मर्यादा अशी की, माळ दिसावी म्हणून घातलेली असते. सारे गाव ती पाहते आणि त्या पाहण्यातच तिचे बळ असते. गोळी ही लपविलेली गोष्ट आहे. तेव्हा एचआयव्हीसह जगणाऱ्याला जी सोबत हवी, तिच्यात माळकऱ्यांची जवळीक तर पाहिजे, पण गावकीचा बोभाटा नको. आणि घसरलेल्याला परत घेण्याचा दरवाजा कायम उघडा पाहिजे.

समदुःखींचे काम

अशी सोबत उभी करता येते याचे दाखले दूर शोधावे लागत नाहीत. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अनिल अवचट यांच्या गर्दविषयक लेखनाने अस्वस्थ झालेले पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी त्याला आर्थिक पाठबळ दिले आणि डॉ. अनिता अवचट यांनी ते घडविले. या केंद्राची एक विशेष गोष्ट अशी की, तेथून बरे झालेली माणसेच पुढे तेथील कार्यकर्ते झाली. नव्याने दाखल झालेल्याची सबब त्यांना लगेच कळते, कारण कधी काळी तीच सबब त्यांनीही सांगितलेली असते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि आता महाराष्ट्रातही ठिकठिकाणी सभा भरविणाऱ्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चे सूत्रही हेच आहे. तेथे आडनाव विचारीत नाहीत, आणि पुन्हा प्यालेल्याला पुन्हा येण्यास मज्जाव नसतो. माळेच्या दोन्ही मर्यादा येथे ओलांडलेल्या दिसतात.

एचआयव्हीच्या क्षेत्रातील उदाहरण सांगलीचे. १९९२ साली मीना शेषू यांनी तेथे ‘संग्राम’ संस्थेचे काम सुरू केले आणि त्यातून १९९६ साली वेश्याव्यवसायातील स्त्रियांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. बाहेरच्यांनी येऊन शिकवावयाचे आणि या स्त्रियांनी ऐकावयाचे, ही रीत तेथे उलटविली गेली. प्रतिबंधाची साधने वाटण्याचे व माहिती देण्याचे काम त्या वस्तीतील स्त्रियांनीच हाती घेतले. ज्यांना समाज प्रश्नाचे मूळ समजत होता, त्याच उत्तराचा भाग झाल्या.

मद्य आणि औषध या दोहोंचा एकत्र विचारही महाराष्ट्रात झालेला आहे. २०१० नंतरच्या दशकात मुंबई व नवी मुंबईतील पाच उपचारकेंद्रांत मद्य घेणाऱ्या पुरुष रुग्णांबरोबर एक संशोधन-प्रकल्प राबविला गेला. त्यात वैयक्तिक समुपदेशन, गटातील चर्चा आणि रुग्णांनी एकत्र येऊन करावयाची सामूहिक खटपट असे तीन मार्ग वापरून पाहण्यात आले. केंद्राच्या बाकावर रांगेत मुकाट बसणाऱ्या रुग्णांकडे परस्परांना आधार देणारा गट म्हणून पाहण्याची ही दृष्टी मोलाची आहे.

प्रवासाच्या खर्चावरचा उपाय आफ्रिकेतील मोझांबिक या गरीब देशात सापडला. तेथील टेटे प्रांतात २००८ साली सहा जणांपर्यंतचे रुग्णगट स्थापन झाले. दर महिन्यास गटातील एकाने केंद्रावर जावयाचे, स्वतःची तपासणी करून घ्यावयाची आणि सर्वांची औषधे घेऊन यावयाचे. म्हणजे सहा जणांच्या गटात प्रत्येकाची खेप सहा महिन्यांतून एकदा येते. मजुरीचे पाच दिवस वाचतात, आणि औषध वाटण्याच्या निमित्ताने गट दरमहा एकत्र बसतो. ज्याच्या डबीत गोळ्या उरल्या, त्याची विचारपूस तेथल्या तेथे होते. आपल्याकडील सावडीची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवलाचे काही वाटू नये.

योजना आहे, पाया नाही

भारतातील राष्ट्रीय कार्यक्रमात या विचाराला मुळीच स्थान नाही असे म्हटले तर अन्याय होईल. उपचारकेंद्रांवर एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीलाच समन्वयक नेमण्याची कल्पना कार्यक्रमाच्या रचनेत आहे. २०१३ साली सुरू झालेल्या ‘विहान’ या उपक्रमातून देशभर आधारकेंद्रे निघाली आणि औषध सोडलेल्यांना शोधून परत आणण्याचे काम बाधितांपैकीच कार्यकर्त्यांनी केले. २०२२ च्या जुलै महिन्यात औषधांचा तुटवडा पडला, तेव्हा दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात ठाण मांडून त्याकडे देशाचे लक्ष वेधले, तेही बाधितांनीच.

पण या कामाची मांडणी प्रकल्पाची आहे, पदाची नाही. ‘विहान’चा पैसा परदेशी निधीतून आला. अशा प्रकल्पांना मुदत असते, मुदतीला कात्री लागते आणि कार्यकर्त्याच्या मानधनावर टांगती तलवार राहते. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांची पदे आवश्यक मानली जातात, सोबत करणारा मात्र ‘स्वयंसेवक’ ठरतो. जो स्वतः आजारी, बहुधा गरीब आणि कधी काळी व्यसनाधीन होता, त्याच्याकडून आपण विनामूल्य वा अल्पमोल श्रमाची अपेक्षा करतो. त्याने मोडलेल्या मजुरीवर इतरांची गोळी चालू राहावी, ही अपेक्षा न्याय्य नाही आणि टिकाऊही नाही. दुसरी उणीव अशी की, व्यसनमुक्तीचे काम एका विभागाकडे आणि एचआयव्हीचे काम दुसऱ्या विभागाकडे अशी वाटणी झालेली आहे. रुग्णाच्या शरीरात मात्र हे दोन्ही आजार एकत्रच राहतात.

काही आक्षेप

या विचारावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला गोपनीयतेचा. लहान गावात बाधित कार्यकर्ता घरी आला की शेजारी ताडतात. ही भीती खरी आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला आणि त्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. पण केवळ कायद्याने काम भागणार नाही. कार्यकर्त्याने घरी जावे की बाजारात भेटावे, फोन करावा की करू नये, हे रुग्णाने ठरवावे. भेटण्याच्या जागेवर रोगाच्या नावाची पाटी नसावी. आणि हवे असल्यास आपल्या गावचा नव्हे, शेजारच्या तालुक्याचा सोबती मागण्याचा हक्क रुग्णाला असावा.

दुसरा आक्षेप असा की, सोबती हा काही डॉक्टर नव्हे, आणि तो स्वतःच पुन्हा दारूकडे वळला तर काय? तो डॉक्टर नाही, हे त्याला आणि इतरांनाही स्पष्ट असले पाहिजे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर झटके येणे, भ्रम होणे असे जीवघेणे प्रकार घडू शकतात. अशा माणसाला केवळ धीर देऊन भागत नाही, रुग्णालयातच न्यावे लागते. हे ओळखण्याचे शिक्षण सोबत्याला दिले पाहिजे. तो स्वतः घसरला तर त्यालाही रजा आणि उपचार मिळाले पाहिजेत. आजारी पडलेल्या शिक्षकाला वा कारकुनाला आपण नोकरीतून काढून टाकीत नाही. मग येथेच निराळा न्याय का?

तिसरा आक्षेप नीतीचा आहे आणि तो उघडपणे क्वचितच मांडला जातो. दारुड्याचे एवढे लाड सरकारने का करावेत, असा तो प्रश्न असतो. त्याचे एक उत्तर माणुसकीचे आहेच. ज्यांना ते पुरेसे वाटत नाही त्यांच्यासाठी अर्थशास्त्राचेही उत्तर आहे. एखाद्याने नियमित गोळी घेतली तर त्याचा लाभ त्याच्यापुरता राहत नाही. त्याच्या पत्नीला लागण होत नाही, होणारे मूल सुरक्षित राहते, औषधाला दाद न देणारा विषाणू पसरत नाही, पुढच्या महागड्या उपचाराचा खर्च वाचतो. ज्या कृतीचा फायदा करणाऱ्याखेरीज इतर अनेकांना मिळतो, ती कृती बाजारावर वा व्यक्तीच्या इच्छेवर सोपविली तर अपुरीच होते. अशा ठिकाणी सार्वजनिक पैसा खर्च करणे हा शुद्ध व्यवहार आहे. शिवाय मद्यावरील करातून राज्याच्या तिजोरीत मोठी भर पडते. ज्या विक्रीतून महसूल घ्यावयाचा, तिच्यातून उद्भवणाऱ्या हानीचा खर्च मात्र रुग्णाच्या बायकोने सोसावयाचा, हा हिशेब न्यायाचा नाही.

बायकोचा उल्लेख येथे ओघात आलेला नाही. पुष्कळ घरांत नवऱ्याच्या गोळीची वेळ लक्षात ठेवणारी, डबीतल्या गोळ्या मोजणारी, त्याच्या वतीने केंद्रावर विनवण्या करणारी आणि त्याच वेळी स्वतःचीही गोळी घेणारी स्त्री हीच खरी सोबती असते. तिला मानधन नाही, शिक्षण नाही आणि मारहाणीपासून संरक्षणही नाही. मुक्तांगणने व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ या नावाने स्वतंत्र गट चालविला, त्यामागे हीच जाणीव होती. सोबत्यांच्या कोणत्याही योजनेत निम्म्या जागा स्त्रियांना असल्या पाहिजेत, त्या केवळ समानतेच्या तत्त्वासाठी नव्हे, तर हे काम आजही बव्हंशी त्याच करीत आहेत म्हणून.

करता येण्याजोगे

परभणीसारख्या जिल्ह्यात यासाठी फार मोठी उभारणी लागणार नाही. नऊ तालुक्यांत प्रत्येकी एक पुरुष व एक स्त्री असे अठरा प्रशिक्षित सोबती, त्यांना नियमित वेतन आणि प्रवासभत्ता, त्यांतील काहीजण स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले, एवढ्यावर आरंभ करता येईल. केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाला दारू आणि तंबाखूविषयी विचारले जावे, पण त्या उत्तरावरून त्याला बोल लावला जाऊ नये; “प्यायलात तरी गोळी चुकवू नका” हे वाक्य प्रत्येक केंद्रावर स्पष्ट शब्दांत सांगितले जावे. ज्याला दारू सोडावयाची इच्छा होईल, त्याला सोबत्याने जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागापर्यंत स्वतः घेऊन जावे. नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नये. आणि दसऱ्यानंतर टोळ्या निघण्यापूर्वी, उसाला जाणाऱ्या रुग्णांना पुढील तीन महिन्यांचे औषध, मुक्कामाजवळच्या केंद्राचा पत्ता आणि तेथील एका सोबत्याची ओळख देऊन निरोप द्यावा. हंगाम कधी सुरू होणार आणि टोळ्या कोणत्या कारखान्यांकडे जाणार, हे मुकादमाला आधी ठाऊक असते; ते आरोग्य खात्याला ठाऊक असू नये, असे काही कारण नाही.

शासनाने करावयाचे ते शासनाने करावे. सुशिक्षित समाजाकडेही यातील एक भाग येतो. शाळेत, कचेरीत, महाविद्यालयात वावरणाऱ्यांपैकी कोणाचा तरी सहकारी, विद्यार्थी वा शेजारी रोज ठराविक वेळी गुपचूप एक गोळी घेत असण्याचा संभव आहे. ती कशाची हे विचारण्याचे कारण नाही. औषधासाठी त्याला दर दोन-तीन महिन्यांनी एक दिवसाची रजा लागत असेल, तर ती खळखळ न करता मिळावी. तो पीत असेल तर त्याच्या पिण्याची चेष्टा बाकावरच्या वा चहाच्या गप्पांत होऊ नये. एवढे केले तरी लाजेची जी किंमत तो आज एकटा मोजतो आहे, ती थोडी कमी होईल. वीस वर्षांपूर्वी औषध महाग होते, तेव्हा आपण हतबल होतो असे म्हणता येत होते. आता औषध खिडकीवर आहे. तेथून पुढच्या वाटेवर त्या माणसाला एकटे सोडले तर त्याचा दोष औषधाकडे जाणार नाही.